बदकाखालची गादी

१
कोंबडी रात्री दांडीवर चढते. बदक जमिनीवरच बसतं. त्याची विष्ठा पातळ, आणि खुराड्यात शिरताना ते चोचीतून पाणी गाळत येतं. कोंबड्यांखाली महिना निघणारी गादी बदकांखाली दोन दिवसांत चिखल होते.

२
साक्रीकडच्या एका आजींना विचारलं, बदकांखाली काय घालता?
"बदकस्ले भुसा? मंग म्हशी काय खातीन?"
पुस्तकात ‘कोरडे गवत पसरावे’ एवढंच असतं. एप्रिलमध्ये खानदेशात कोरड्या गवताला भाव असतो. गव्हाचा भुसा आणि ज्वारीचा कडबा आधी गोठ्यात जातात. गुरांनी नाकारलेलं, भिजून काळं पडलेलं बदकांकडे येतं. नेमकं तेच बदकांखाली नको, कारण त्यात बुरशी असते आणि ती फुप्फुसात जाते.

३
रावेर-यावलच्या बागांत केळीची वाळलेली पानं ढिगांनी मिळतात, बहुतेकदा फुकट. पण पान गुळगुळीत, पाणी पीत नाही. वरून कोरडं दिसतं, उचललं की खाली ओल आणि वास. कुट्टी करून टाकली तर निभावतात. आख्खी पानं म्हणजे नुसतं झाकण.

४
कपाशीच्या पऱ्हाट्या भरिताचं वांगं भाजायला उत्तम. बदकाच्या तळव्याला टोचतात. जखम होते, तळवा सुजतो, बदक लंगडू लागतं. भरीत करा.

५
कापसाच्या मुलखात घरट्यात कापूस घालायचा मोह होणारच. तो भिजला की त्याचा लगदा होतो आणि त्याचे धागे पिल्लांच्या बोटांना गुंडाळतात.

६
आइसलँडमधली आयडर बदकं आपल्याच छातीची मऊ पिसं उपटून घरट्यात अंथरतात. शेतकरी ती गोळा करतात आणि बदल्यात कोरडं गवत घालतात. किलोभर पिसांना साधारण साठ घरटी लागतात. त्यांच्या रजया जगातल्या सर्वांत महाग रजयांत मोडतात.
इकडे आपण भुशाच्या पोत्यासाठी घासाघीस करतो.

७
भुईमुगाच्या शेंगांची टरफलं धुळ्याकडे सहज मिळतात. हलकी असतात, पाणीही बऱ्यापैकी पितात. पण ओली झाली की बुरशी धरतात, आणि शेंगदाण्याच्या बुरशीशी बदकांचं जुनं वैर आहे. १९६० मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी मेले, बदकांची पिल्लंही मेली. शोध घेतल्यावर खाद्यातली ब्राझीलहून आलेली शेंगदाणा पेंड सापडली. त्या पेंडीतल्या बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. पुढे हे विष तपासायला प्रयोगशाळांत एक दिवसाचं बदकपिल्लूच वापरत, कारण त्याला ते फार लवकर बाधतं.
टरफलं घालायचीच तर उन्हाळ्यात.

८
पिल्लांखाली वर्तमानपत्र नको. पाय घसरतात, फाकतात आणि तसेच राहतात. दैनिक जळगावचं असो की धुळ्याचं. पहिले काही दिवस गोणपाट बरं.

९
लाकडाच्या वखारीतला बारीक भुसा पिल्लं दाणा समजून खातात. रंध्याखालून निघणारी कुरळी सालपटं चांगली. फर्निचरवाला ती जाळून टाकतो, मागितली तर देतो. प्लायवूडची मागू नयेत.

१०
घरटी. पुस्तकी माप असं: फूटभर रुंद, फूटभर उंच, दीड फूट खोल, तीन माद्यांमागे एक. प्रत्यक्षात भाजीचं प्लास्टिकचं कॅरेट आडवं ठेवलं की काम होतं. पुढे विटेएवढा उंबरा, म्हणजे अंडं बाहेर घरंगळत नाही. जमिनीवरच ठेवायचं, बदक उडी मारून वर बसणार नाही. कोपरा अंधारा हवा आणि पाण्याच्या भांड्यापासून जास्तीत जास्त लांब. आत पांझरा नदीतला अंड्याएवढा गुळगुळीत गोटा ठेवला तर मादीला खात्री पटते की इथे आधी कोणी घातलंय.
चार कॅरेट ठेवा. सगळ्या एकाच कॅरेटमध्ये घालतील आणि रांग लावून भांडतील. उरलेल्या तिन्हींत नर झोपेल.

११
बदकं पहाटे अंडी घालतात. नऊपर्यंत दार उघडू नये. सहाला उघडलं तर अंडी बांधावरच्या झुडपात जातात आणि ती मुंगसाला आधी सापडतात.

१२
पांझरेच्या फडांत, म्हणजे सामायिक पाण्याच्या शेतांत, पाटकरी ठरवेल तसं पाणी मिळतं, ज्याची त्याची पाळी असते. बदक पाळी मानत नाही. प्यायचं भांडं जाळीवर, जाळी खड्ड्यावर, खड्डा दगडगोट्यांनी भरलेला, आणि हे सगळं खुराड्याबाहेर. एवढं केलं तर गादीचा बराच खर्च वाचतो. भांडं एवढं खोल हवं की चोच नाकपुड्यांसकट बुडेल. अख्खं बदक बुडायची गरज नाही.

१३
असोद्याच्या बहिणाबाईंनी सुगरणीच्या खोप्यावर लिहिलं. बदकाच्या घरट्यात लिहिण्यासारखं काही नसतं. एक खळगा, चार काड्या, थोडी पिसं.

१४
हतनूरच्या जलाशयावर हळदी-कुंकू बदक दिसतं. ते पाण्याजवळच्या गवतात जमिनीवर घरटं करतं. नकटा बदक झाडाच्या ढोलीत अंडी घालतं. पिल्लं एक दिवसाची झाली की वरून उड्या मारतात. तिथे गादी कोणी घातलेली नसते.

१५
खाकी कॅम्पबेल जातीची मादी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते आणि उबवायला बसत नाही. गावठी कोंबडी त्याच्या चौथाई देते आणि उठायला तयार नसते. म्हणून बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवतात. तिचा हिशेब २१ दिवसांचा, काम २८ दिवसांचं. शिवाय या अंड्यांना ओल लागते. अंड्यांवर बसणारं बदक तळ्यातून ओल्या पोटाने येऊन ती पुरवतं. कोंबडी कोरडीच बसते. मग माणसाने कोमट पाण्याचा हात फिरवायचा.
म्हणजे खाली कोरडं, वर ओलसर.

१६
फेब्रुवारी २००६, नवापूर. भारतातला पहिला बर्ड फ्लू. पुढच्या महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या गावांत, तोही परसातल्या पक्ष्यांत. पक्ष्यांबरोबर अंडी, खाद्य आणि खालची गादीही नष्ट करावी लागते. २०२१ मध्ये नवापूर पुन्हा बातमीत आलं. बदक हा विषाणू अंगात घेऊन ठणठणीत फिरू शकतं. रानबदकं उतरतात त्या तळ्यावर घरची बदकं सोडू नयेत.

१७
जाड गादी कुजताना तापते. डिसेंबरात धुळ्याचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा हे बरं. मेमध्ये भुसावळ पंचेचाळीस ओलांडतं तेव्हा तीच गादी काढून पातळ थर द्यावा, खाली वाळू. पावसाळ्यात रोज खाली-वर करावी आणि वर मूठभर चुना टाकावा. जास्त टाकला तर पाय भाजतात.

१८
वास उभ्याने घेऊ नये. बदकाच्या उंचीला वाकून घ्यावा. डोळे चुरचुरले तर गादी बदलायची वेळ कालच होती.

१९
काढलेली गादी महिना-दोन महिने ढिगात मुरवून केळीला द्यावी. ताजी देऊ नये.

२०
भाताचा तूस सगळ्यांत चांगला. भात नवापूरकडे पिकतो, जळगावात फारसा नाही. गाडीभाडं धरून तूस परवडत नसेल तर बदकं कमी ठेवा.