व्हॅनगार्डच्या तळघरात

जाझ उत्स्फूर्त असतो, पण म्हणून मनाला येईल ते वाजवत नाहीत. ४ मात्रांचा एक बार, अशा ३२ बारांचं आवर्तन बरेचदा ठरलेलं असतं. सॅक्सोफोनवाला कितीही भटकून येऊ दे, बेस आणि ड्रम्सवाले हिशोब सोडत नाहीत. थेट आपल्या समेसारखं!

न्यूयॉर्कचा 'व्हिलेज व्हॅनगार्ड' १९३५ पासून एका छोट्या तळघरात आहे. तिथे २५ जून १९६१ ला बिल इव्हान्सच्या ट्रिओचं रेकॉर्डिंग झालं. त्यात मागे ग्लासांची किणकिण, लोकांच्या गप्पाही ऐकू येतात. बेस वाजवणारा स्कॉट लाफारो ११ दिवसांनी अपघातात गेला. वय २५. गप्पा मारणाऱ्यांना काय कल्पना!

गेल्या शनिवारी तिथेच बसलो होतो. बेसचा सोलो सुरू झाला आणि शेजारचा मित्र काहीतरी सांगायला वाकला. म्हटलं, "नंतर."