आजोबांच्या आंब्याचें कलम

आमच्या परसांतील रायवळ आंब्याचें खोड भिरुडानें पोखरलें, तेव्हां आजोबांनीं लावलेलें तें झाड फार काळ टिकणार नाहीं हें आम्हीं ओळखलें. कोय पेरली तर रोप उगवेल. परंतु फळ तेंच निघेल असा भरंवसा नाहीं. कलमांत मात्र मूळ झाडच पुन्हा वाढतें. म्हणून दापोलीच्या कृषि विद्यापीठानें (स्थापना १९७२) प्रसार केलेल्या रीतीनें आम्हीं घरींच कोय-कलमें बांधलीं.

रीत दिसावयास सोपी. १५ दिवसांच्या, तांबूस पानांच्या रोपाचा शेंडा छाटून उभी चीर द्यावयाची, आणि तेवढ्याच जाडीची, चार महिन्यांची काडी पाचरीसारखी तासून तींत बसवून पट्टीनें घट्ट बांधावयाची. आषाढांतील आमचीं सातही कलमें वाळलीं. काड्या कोंवळ्या होत्या. श्रावणांत जून काड्या निवडून त्यांचीं पानें आठ दिवस आधीं, देंठ राखून, छाटलीं. तेव्हां १२ पैकीं ५ कलमें फुटलीं. दिवाळीपूर्वींच झाड कोसळलें.

त्या आंब्याची चव पुन्हा एकदां घ्यावी, एवढीच आजींची इच्छा आहे. त्यांचें वय ८७. कलमांचा मोहर पहिलीं तीन-चार वर्षें खुडावा लागतो, हें त्यांस सांगण्याचें धैर्य आम्हांस अद्याप झालेलें नाहीं.