वाऱ्याचा विमा

वीस वर्षं बँकेत काढली की माणसाला बारीक अक्षर तेवढं नीट दिसतं. मोठं दिसेनासं होतं. हे आमच्या सोसायटीला ठाऊक असल्यामुळे कागद नावाची कुठलीही वस्तू शेवटी माझ्याच दारात येते. यंदा आली ती विम्याची पॉलिसी.

निमित्त आंब्याचं. आवारातल्या आंब्याला मोहोर आला आणि मागोमाग तुडतुडे आले. हे बेटे रस पितात आणि खाली चिकटा सोडतात. सेक्रेटरींच्या मोटारीचं टप जिलबीसारखं चिकट झालं, तेव्हा फवारणीचा ठराव एकमतानं मंजूर झाला. (माझी स्कूटर तीन वर्षं चिकटतेय, पण स्कूटरसाठी ठराव होत नसतात.)

झाडांचे कंत्राटदार आले. "विमा आहे का?" मी बँकेतल्या आवाजात विचारलं. त्यांनी पॉलिसी पुढे केली. फांदी पडून मोटार चेपली, भरपाई मिळेल. येणाऱ्याजाणाऱ्याचं डोकं फुटलं, तरी मिळेल. पण शेवटच्या पानावर, मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरांत छापलं होतं : प्रदूषणामुळे होणारं नुकसान वगळून. म्हणजे औषध उडून कुणाच्या घरात गेलं, पाण्याच्या टाकीत उतरलं, की विमा कंपनी नमस्कार करून बाजूला! अचानक, अपघातानं होणाऱ्या प्रदूषणाचं कलम जादा हप्ता भरून जोडून घेता येतं. ते त्यांनी घेतलं नव्हतं.

"साहेब, फांदीचा विमा आहे, वाऱ्याचा नाही," ते म्हणाले.

१९८४ साली भोपाळला विषारी वायू सुटला, तो कीटकनाशकाच्याच कारखान्यातून. पुढे १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा आला आणि घातक रसायनांचा ठरावीक साठ्यावर व्यवहार करणाऱ्यांना विमा सक्तीचा झाला. आमच्या कंत्राटदारांचा साठा म्हणजे एक पंप आणि दोन बाटल्या. त्यांच्याकडे कायदा कशाला बघतोय?

फवारणीच्या दिवशी वारा न बोलावता आला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे गच्चीत वाळत घातलेले दोनशे पापड औषधात न्हाले. अर्ध्या तासात सभा भरली. पापड उडदाचे की पोह्यांचे, लाटणावळ धरायची की नाही, यावर घनघोर चर्चा झाली. हिशेब अर्थात माझ्याकडे.

बेरीज करता करता वर पाहिलं, तर फवारणारा विशीतला पोरगा कट्ट्यावर बसून डोळे चोळत होता. तोंडाला मास्क नाही, हातांत मोजे नाहीत. पॉलिसी पुन्हा उघडली. स्वतःच्या कामगाराला झालेली इजा तिच्यात बसतच नाही. त्याला कामगार भरपाईचा निराळा विमा लागतो. तोही नव्हता. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली, ते पेपरात वाचलेलं आठवलं. बेरीज टाकून त्याला नळावर नेलं, डोळे धुवायला लावले.

"होतं असं. रात्रीपर्यंत उतरतं," तो म्हणाला.

पापडांचे सहाशे रुपये कंत्राटदारांच्या बिलातून कापले गेले. डोळ्यांचा विषय इतिवृत्तात नाही. इतिवृत्त मीच लिहिलं होतं.

पुढच्या वर्षीच्या करारात मी दोन कलमं घातली आहेत : वाऱ्याचा विमा आणि फवारणाऱ्याला मास्क, मोजे, चष्मा व कामगार विमा. खजिनदार म्हणाले, "खर्च वाढेल हो!"

"वाढू दे," मी म्हटलं, "माझ्या वाटणीचे आंबे विका."

दरसाल माझ्या वाटणीला तीन आंबे येतात. पण ठरावात तसं आकड्यात लिहायचं नसतं.