लोणारला जाताय? मग विवराचा उलटा हिशेब समजून घ्या

दिवाळी झाली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. बीपीची गोळी लिहून घेता घेता पेशंट विचारतात, "डॉक्टरसाहेब, पोरं लोणारले चाला म्हणतात. जाऊ का?" चिखलीहून मेहकरमार्गे गाडीनं दीड-दोन तासांचा रस्ता. बरेच जण सिंदखेडराजा जोडून घेतात आणि एका दिवसात दोन्ही करून येतात.

माझं उत्तर बहुतेकांना "जा" असंच असतं. आपल्या भागात माणसं शेतात राबतात किंवा दुकानात बसतात, पण नुसतं चालायला म्हणून घराबाहेर पडणारे कमीच. जिल्ह्यात असं ठिकाण असताना ते मोबाइलवर बघण्यात काय अर्थ? फक्त मी लगेच दुसरा प्रश्न विचारतो: "वरूनच बघणार की खाली उतरणार?" इथं बहुतेक जण गोंधळतात. डॉक्टरला त्याच्याशी काय देणंघेणं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

देणंघेणं आहे. उल्का आदळून झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे आणि काठापासून पाणी सुमारे १३७ मीटर खाली आहे. तीन मीटरचा एक मजला धरला, तर ही पंचेचाळीस मजल्यांची इमारत झाली. चिखलीत एवढी इमारत नाही, म्हणून घरचं उदाहरण घेऊ. दुमजली घराच्या गच्चीचा जिना तळापासून वरपर्यंत तेवीस वेळा चढलात, की एक लोणार झालं.

आता खरी गंमत. गड-किल्ल्यावर किंवा डोंगरावरच्या देवळात जाताना आधी चढ लागतो. छाती भरून आली, पाय बोलायला लागले, की माणूस अर्ध्यावर बसतो आणि म्हणतो, तुम्ही जा, मी इथंच थांबतो. मागं फिरलं की पुढं उतारच, त्यामुळं घर गाठता येतं. लोणारला हे सगळं उलटं आहे. ताजेतवाने असताना, सकाळच्या गारव्यात, गप्पा मारत तुम्ही उतरता. धार, देवळं, झाडी, मोर, सगळं मजेत चाललेलं असतं. दम लागत नाही, म्हणून "मला काही होत नाही" असं वाटतं. आपली ताकद किती हे कळतं ते तळाशी पोचल्यावर, आणि तिथून वर यायला चढाशिवाय वाट नाही. तोवर ऊन चढलेलं असतं आणि बाटलीतलं पाणी संपलेलं असतं. वर खोलगट जागा असल्यानं वाराही कमी लागतो.

उतरताना दम का लागत नाही? उतारावर मांडीचे स्नायू ब्रेकचं काम करतात. ते ताणले जाता जाता जोर लावतात, आणि अशा कामाला प्राणवायू फार कमी लागतो. म्हणून हृदयाला ताण जाणवत नाही. गुडघ्याला मात्र जाणवतो, कारण प्रत्येक पावलाला शरीराचं वजन त्याच्यावर आदळतं. माझाही डावा गुडघा उतरतानाच कुरकुर करतो, चढताना गप्प असतो. चढावर चित्र पालटतं. तेच वजन वर उचलायचं असतं, त्यामुळं हृदयाला भराभर रक्त पुरवावं लागतं. एखादी रक्तवाहिनी अर्धीअधिक बंद असेल, तर सपाट रस्त्यावर वर्षानुवर्षं न झालेली तक्रार इथं पहिल्यांदा दिसते.

काही वर्षांपूर्वी माझे एक पेशंट, निवृत्त शिक्षक, कुटुंबासोबत लोणारला गेले होते. मधुमेह बारा वर्षांचा, साखर बऱ्यापैकी ताब्यात. कमळजा देवीपर्यंत झकास उतरले, नातवासोबत फोटो काढले. परतीच्या वाटेवर एक तृतीयांश चढ झाला आणि त्यांना दरदरून घाम आला, पोटाच्या वर जड वाटू लागलं. छातीत दुखत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी ठरवलं, गॅस झाला. सकाळच्या भज्यांवर खापर फुटलं. अर्धा तास बसल्यावर बरं वाटलं, मग उरलेला चढ ते थांबत थांबत चढले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले तेही गॅसच्या गोळीसाठी. ईसीजी बघून मी त्यांना तिथूनच छत्रपती संभाजीनगरला पाठवलं. अँजिओग्राफी झाली, स्टेंट बसला. आज ते रोज तासभर चालतात. पण त्या वाटेवर जे झालं, ते तिथंच संपू शकलं असतं.

"गॅस" या शब्दाची मला धास्ती आहे. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांना आणि बऱ्याच बायकांना हृदयाचं दुखणं छातीत कळ येऊन कळत नाही. धाप, घाम, मळमळ, जबड्यात किंवा हातात जडपणा, पोटाच्या वर दाब, एवढंच असतं. खूण सोपी आहे: चालल्यावर वाढतं आणि थांबल्यावर कमी होतं, ते गॅस समजू नका. असं झालं तर त्या माणसाला बसवा, एक पाऊलही चालवू नका, १०८ ला फोन लावा. बरं वाटलं म्हणून पुन्हा चढायला लावणं ही सगळ्यात मोठी चूक. जिभेखाली ठेवायची गोळी ज्यांना डॉक्टरनं लिहून दिली आहे, त्यांनी ती खिशात ठेवावी. बॅगेत ठेवली तर बॅग नेमकी पुढं गेलेल्या मुलाकडं असते.

ज्यांना असला त्रास नाही, त्यांच्यासाठी चढावरचा वेग ठरवायला घड्याळ लागत नाही. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर थांबा. बीपीसाठी मेटोप्रोलोलसारखी गोळी चालू असेल, तर नाडी मोजून काही कळणार नाही, कारण ती गोळी नाडीला वाढूच देत नाही. त्यांनी तर बोलण्याचीच परीक्षा घ्यावी.

मधुमेहाबद्दल थोडं जास्त सांगतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर अशा दिवशी घसरू शकते, आणि ती चढावरच घसरेल असं नाही. थकलेले स्नायू पुढचे कित्येक तास रक्तातली साखर ओढत राहतात, त्यामुळं घरी आल्यावर, अगदी रात्री झोपेतही घाम फुटून हातपाय थरथरू शकतात. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा, रात्रीचं जेवण टाळू नका, आणि त्या दिवशीचा डोस आधी आपल्या डॉक्टरला विचारून ठरवा. स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका. पायाला मुंग्या येतात किंवा बधिरपणा आहे, त्यांनी देवीला जायचं म्हणून अनवाणी उतरू नये. काळा दगड तापतो, आणि बधिर पायाला चटका कळत नाही. फोड दिसतो तो तिसऱ्या दिवशी.

आता पाण्याबद्दल. "सरोवरात आंघोळ केली तर नायटा जातो म्हणतात, खरं का?" हा लोणारबद्दलचा दुसरा ठरलेला प्रश्न. हे पाणी खारट आहेच, शिवाय अल्कधर्मी आहे. त्याचा पीएच अनेक वर्षं दहाच्या आसपास मोजला गेला आहे. आपल्या त्वचेचा पीएच साधारण पाच, म्हणजे किंचित आंबट. हा आंबटपणा जंतूंना रोखतो आणि त्वचेचा ओलावा धरून ठेवतो. पीएचची प्रत्येक पायरी दहापटीची असते, म्हणजे पाच पायऱ्यांचा फरक हा एक लाख पटीचा. इथल्या क्षाराचा जुन्या काळापासून उपयोग होत आला आहे, आणि खार काय करतो हे पापड लाटणाऱ्या बाईला सांगायला नको, तिच्या बोटांना विचारा. असं पाणी अंगावर वाळलं की त्वचेचं तेल जातं आणि ती कोरडी पडते. इसब असेल तर खाज वाढते. नायटा बुरशीचा असतो, तो एका आंघोळीनं जात नाही. (दुकानातून आणलेल्या स्टिरॉइडच्या ट्यूबनंही जात नाही, उलट चिघळतो. त्यावर वेगळं लिहीन.) हात लावून बघायला हरकत नाही, नंतर गोड्या पाण्यानं धुवा. डोळ्यांत मात्र थेंबही जाऊ देऊ नका, लहान मुलांच्या तर नाहीच. गेला तर भरपूर साध्या पाण्यानं धूत राहा.

जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं, तेव्हा लॉकडाऊनमध्ये मला फोनवर फोन आले होते. विष मिसळलं का, हवेतून काही पसरेल का? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले गेले. खूप खारट पाण्यात वाढणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य असलेल्या सूक्ष्मजीवांमुळं तो रंग आला होता. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं.

इतकं वाचून कोणी जायचंच रद्द करेल, म्हणून फायद्याचंही सांगतो. ऑस्ट्रियात आल्प्स पर्वतात संशोधकांनी काही लोकांना काही आठवडे फक्त डोंगर चढायला लावला आणि उतरायला केबल कार दिली. मग तेवढेच दिवस उलट, फक्त उतरायला लावलं. चढण्यानं रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी सुधारली, आणि उतरण्यानं शरीराची साखर हाताळण्याची ताकद सुधारली. म्हणजे ज्याला आपण फुकटचा समजतो, तो उतारही व्यायामच. लोणारला दोन्ही एका फेरीत होतात. वजन कमी करायला म्हणून जाणार असाल, तर मात्र हिशेब ऐका: सत्तर किलोच्या माणसाला तो सगळा चढ चढायला साधारण शंभर कॅलरी लागतात. वर आल्यावर खाल्लेल्या एका समोशात त्याच्या दुपटीहून जास्त असतात.

उतरायचंच असेल, तर आधी सहा आठवडे रोज अर्धा-पाऊण तास चाला. जालना रोड असो की खामगाव रोड, रस्ता कुठलाही चालेल. शेवटचे दोन आठवडे गच्चीचा जिना सुरू करा, पाच फेऱ्यांपासून. तेवढ्यात छाती दाटली तर लोणारच्या आधी दवाखान्यात या. स्टेंट किंवा बायपास झालेल्यांनी, गुडघे झिजलेल्यांनी काठावरून चालावं. वरून दिसणारं विवर कमी सुंदर नाही, आणि पूर्ण प्रदक्षिणा साडेपाच किलोमीटरहून जास्त भरते, तीही थोडकी नाही. सकाळी लवकर पोचा, ऊन तापायच्या आत वर या, माणशी दोन लिटर पाणी घ्या. हृदयविकारामुळं किंवा किडनीमुळं पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर तेवढंच. मार्च ते जून खाली उतरण्याचा विचार करू नका. हे अभयारण्य आहे, त्यामुळं वनखात्यानं एखादी वाट बंद ठेवली असेल तर तिकडं शिरू नका.

घरी आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या इतक्या दुखतील की जिना उतरताना कठडा धरावा लागेल. ते उतारामुळं होतं, आणि चार-पाच दिवसांत आपोआप जातं. हलकं चालत राहा, शेक घ्या. दुखणं थांबवायच्या गोळ्या, विशेषतः किडनीचा किंवा बीपीचा त्रास असेल तर, मनानं घेऊ नका. आणि लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी दाखवायला या.