हे चालायचे कुठे?

माझा धंदा काय, असे कुणी विचारले की मी जरा घुटमळतो. 'संगणकाचे काम' एवढ्यावर बहुतेकांचे समाधान होते. पण शेजारच्या आजी खोदून विचारणाऱ्या. त्यांना मी म्हटले, "आजी, मी शिंपी आहे. फक्त ज्याचे कपडे शिवतो, तो माझ्या दुकानात कधी येत नाही!"

यात अतिशयोक्ती नाही. तुमच्या धुलाईयंत्रात किंवा विजेच्या मीटरात एक चिमुकली चिप बसलेली असते. अशा एका नेहमीच्या चिपेत आज्ञा साठवायला ६४ किलोबाइट जागा, आणि काम करताना आकडे मांडायला अवघे २० किलोबाइट. तिच्यावर कंपायलर चालवणे म्हणजे काडेपेटीत स्वयंपाकघर थाटणे! म्हणून प्रोग्राम माझ्या टेबलावरच्या ऐसपैस यंत्रावर रांधायचा आणि चालवायचा तिकडे. असा परक्या घरासाठी रांधणारा तो क्रॉस कंपायलर.

ही युक्ती जुनीच. १९७५ साली बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी आल्टेअर संगणकासाठी बेसिक भाषा लिहिली तेव्हा आल्टेअर त्यांच्याजवळ नव्हताच. हार्वर्डच्या पीडीपी-१० या मोठ्या यंत्राला त्यांनी आल्टेअरमधल्या ८०८० चिपेचे सोंग घ्यायला लावले. मग ॲलन कागदी फीत घेऊन विमानाने आल्बुकर्कीला गेले. खऱ्या यंत्राशी त्या प्रोग्रामाची पहिली गाठ तिथे पडली, आणि तो चालला!

हत्यारांचा हा संच जुळवणे मात्र विरजणासारखे असते. दही लावायला आधी दही हवे. कंपायलर पुरा व्हायला सी भाषेची लायब्ररी लागते, आणि लायब्ररी तयार व्हायला कंपायलर! म्हणून आधी असेम्बलर आणि लिंकर, मग अर्धामुर्धा जीसीसी, त्याच्याकडून लायब्ररी, आणि शेवटी पुरा जीसीसी, असा क्रम लावावा लागतो.

आणि प्रत्येक पायरीला बजावावे लागते, की बाबा रे, हे इथे चालायचे नाही. नाही सांगितले तर तो भोळेपणाने माझ्याच यंत्राच्या चालीरीती उचलतो. काही चिपांत दशांशाचे गणित करणारा खास भाग असतो, काहींत नसतो. तो नसलेल्या चिपेला त्याच्या आज्ञा धाडल्या तर ती जागच्या जागी अडते. माझ्या टेबलावर मात्र सारे बिनतक्रार पार पडलेले असते.

माझ्या नेहमीच्या कंपायलरच्या नावातच 'आर्म-नन-ईएबीआय' अशी पाटी आहे. मधल्या 'नन'चा अर्थ आम्ही घेतो, 'तिथे कुणी नाही.' म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम नाही. स्मृती पुसून ठेवणारे, आकडे जागेवर लावणारे, मुख्य कामाला हाक मारणारे कुणी नाही. ती पहिल्या क्षणांची सारी तयारी प्रोग्रामाच्या शिदोरीतच बांधून द्यावी लागते.

गेल्या जूनमध्ये आमची लेक नोकरीसाठी बंगळूरला गेली. तिच्यासाठी उपदेशाची यादी करायला बसलो, आणि पहिल्याच ओळीशी हात थांबला. कुलपाची ट्रंक, ओळखीच्यांच्या नावे चिठ्ठ्या, रविवारी काकांकडे जेवायला जाणे, हे सारे माझ्या तरुणपणी चालणारे होते. तिचे घर मी पाहिलेसुद्धा नव्हते. म्हणून यादी बाजूला ठेवून फोन केला आणि नुसते विचारीत गेलो. खोली केवढी? शेगडी कसली? जवळ कोण असते?

"बाबा, मी रात्री येते तेव्हा इथं कुणीच नसतं," ती सहज म्हणाली. माझ्या घशात मात्र काहीतरी अडकले.

मग आम्ही दोघांनी नवी यादी केली. चार माणसांच्या पोह्यांचे प्रमाण हिने एकीच्या मापात बसवले. अंगात ताप भरला तर पहिल्या तासात काय करायचे आणि कुणाला फोन करायचा, ते मी लिहिले. उपदेश एकही धाडला नाही.

नव्या चिपेवर आम्ही पहिला प्रोग्राम चालवतो तो फक्त एक दिवा लुकलुकवणारा. तो लुकलुकला, की समजायचे, तिकडे सारे ठीक लागले आहे. हल्ली रोज रात्री अकराच्या सुमारास माझ्या फोनचा पडदा क्षणभर उजळतो. त्यावर एकच शब्द असतो: 'पोचले.'