पुढचें वाक्य दुसऱ्याचें

पस्तीस वर्षें खडू हातांत धरल्यावर मनुष्याला एक खोड जडते. समोरचा बोलूं लागला कीं त्याचें वाक्य आपणच पुरें करून टाकावें, अशी ती खोड. वर्गांत तिला कोणी दोष देत नाहीं. मुलें बिचारीं गप्प बसतात, आणि त्यांना सर्व समजलें असें आपण मानतों. ही खोड आम्हांसही आहे, हें कळावयास सेवानिवृत्तीनंतरचीं पांच वर्षें आणि आमची चौदा वर्षांची नात लागली.

गेल्या मे महिन्यांत ती पुण्याहून घोडेगांवीं आली होती. दुपारीं सर्वत्र निजानीज झाली कीं ओटीवर बसून ती मोबाईलवर भराभर कांहीं लिही. विचारतां कळलें कीं, ती व तिची एक मैत्रीण मिळून गोष्ट रचीत आहेत. रचण्याची रीत आम्हांस नवी होती. दोघींनीं एकेक पात्र वाटून घ्यावयाचें. एकीनें आपल्या पात्राचें बोलणें-वागणें लिहून पाठवावयाचें, दुसरीनें आपल्या पात्राच्या तोंडून उत्तर द्यावयाचें. आणि पुढें काय घडणार हें दोघींपैकीं कोणासही ठाऊक नसावयाचें. कित्येक लोक अनोळखी माणसांशींही हा खेळ खेळतात, असें ती म्हणाली. तेव्हां ही मैत्रीण वर्गांतलीच ना, हें आम्हीं आधीं विचारून घेतलें. वडीलधाऱ्यांनीं एवढें विचारावेंच.

परंतु चार दिवसांत मुलीचा चेहरा उतरला. मैत्रिणीचीं उत्तरें आंखूड होत चाललीं होतीं. आधीं दहा ओळी, मग दोन, मग नुसतें ‘बरं, मग?’ आणि शेवटीं तेंही नाहीं. “आजोबा, माझ्याबरोबर लिहायला कोणाला आवडतच नाहीं,” असें म्हणून ती रडूं लागली. चौदाव्या वर्षीं असलें दुःख लहान नसतें. तिची समजूत काढावी म्हणून आम्ही म्हणालों, “चल, मी लिहितों तुझ्याबरोबर.”

प्रसंग आम्हींच निवडला. आमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यांतील नाणेघाट. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल जुन्नरास येई तो या घाटानें. तेथील लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिच्या नांवानें प्रसिद्ध असलेला ब्राह्मी लेख आहे, आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजणही आहे. नात झाली व्यापाऱ्याची मुलगी, आम्ही झालों जकातदार. आम्हीं पाऊण तास खपून दोन पानें लिहिलीं. त्यांत लेख आला, नागनिकेचे यज्ञ आले, घाटाचें वर्णन आलें, आणि शेवटीं त्या मुलीनें मुकाट्यानें जकात भरून जुन्नरची वाट धरली. नातीनें तें सारें वाचलें व ती हंसली. “आजोबा, माझ्या मुलीला तुम्हींच बोलवलंत, तुम्हींच तिच्याकडून पैसे घेतलेत आणि तुम्हींच तिला वाटेला लावलंत. आतां मी काय लिहूं?”

आम्ही निरुत्तर झालों. संस्कृत रूपकांत ‘भाण’ म्हणून एक प्रकार आहे. त्यांत रंगभूमीवर एकच पात्र. दुसरा कोणी बोलतो आहे असें कल्पून तें आकाशाकडे पाहून ‘काय म्हणतोस?’ असें विचारतें आणि त्याचें उत्तरही स्वतःच देतें. आम्हीं लिहिला होता तो भाण. नातीला हवें होतें दोन पात्रांचें नाटक.

मग जुन्या पोथ्यांची आठवण झाली. नाट्यशास्त्रांत ‘वीथी’ नांवाचें एकदोन पात्रांचें रूपक सांगितलें आहे, आणि त्याचीं तेरा अंगें. दहाव्या शतकांत धनंजयानेंही दशरूपकांत त्यांचें विवरण केलें आहे. पाठांतराच्या वयांत हीं नांवें आम्ही नुसतीं घोकलीं. आतां पाहतों तों तीं बहुतेक सारीं दुसऱ्याला बोलतें ठेवण्याच्या युक्त्यांचीं नांवें! वाक्केली म्हणजे प्रश्नोत्तरांचा खेळ, नालिका म्हणजे कोडें घालून बोलणें, अधिबल म्हणजे चढाओढीनें एकमेकांवर मात करीत जाणें. आणि गंड म्हणजे चाललेल्या बोलण्यांत अवचित घुसणारा, परंतु त्याला भलताच अर्थ आणून देणारा शब्द. उत्तररामचरितांत निजलेल्या सीतेकडे पाहून राम मनाशीं म्हणतो कीं, हिचें सारें प्रिय, असह्य तो एक विरह. आणि तोंच प्रतीहारी येऊन सांगते, ‘आला आहे’. आलेला असतो दुर्मुख नांवाचा हेर. परंतु त्याच्या पावलांनीं विरहही आलेला असतो.

पोथ्यांपेक्षांही जवळचा दाखला आमच्या मुलखांत होता. जुन्नर तालुक्यांतील नारायणगांव ही तमाशाची पंढरी. विठाबाई नारायणगांवकर तेथल्याच. आमच्या घरीं तमाशाचें नांवही काढलेलें चालत नसे. तरी यात्रेच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं हजेरीचा तमाशा आम्हीं लहानपणीं चोरून पाहिला आहे. जुन्या वगांत कथानक ठरलेलें, परंतु संवाद बहुधा ऐन वेळीं रचलेले असत. कोंकणांतील दशावतारी नटही असेच छापील संहितेवांचून बोलतात. हंशा मिळे तो सोंगाड्याला. परंतु ज्या शब्दाचा तो भलता अर्थ घेई, तो शब्द सरदारानें त्याच्या पुढ्यांत नेमका टाकलेला असे. आणि टाकून सरदार थांबे. त्या थांबण्यांत केवढी विद्या आहे, हें तेव्हां आम्हांस कळलें नाहीं.

संध्याकाळीं पुन्हां बसलों. या खेपेस आम्हीं इतकेंच लिहिलें: “जकातदारानें पांच बैल मोजले आणि तो थबकला. ‘बाई, चार बैल धापा टाकताहेत. पांचव्यावर सर्वांत मोठी गोणी, आणि तो मात्र ताजातवाना. असें कसें?’” येथें हात आंवरणें किती कठिण गेलें तें आमचें आम्हीच जाणतों. गोणींत चोरीचा माल आहे असें आम्हीं मनांत ठरविलें होतें. नातीचें उत्तर आलें: “त्या गोणींत माझ्या आईची लुगडीं आहेत. आई वाटेंत गेली. यावर किती जकात बसते?”

आम्हीं चोरीचा माल ठेवला होता त्या जागीं मुलीनें आई ठेवली. आमचा जकातदार रांजणाजवळून बाजूला झाला आणि रात्रीं जेवणाची हांक येईपर्यंत खेळ थांबला नाहीं.

नंतर तिनें आपलें मागचें लिखाण आपणहून उघडलें. मैत्रिणीच्या राजकन्येला तिनें स्वतःच रडविलें होतें, पळविलें होतें, एकदां तर बेशुद्धही पाडलें होतें. बेशुद्ध माणूस काय बोलणार? तिनें मैत्रिणीला लिहिलें, “माझं चुकलं. तुझ्या राजकन्येला काय करायचं होतं?” तिसऱ्या दिवशीं उत्तर आलें. तें आम्हीं वाचलें नाहीं. तें त्यांचें त्यांना.

या साऱ्यांतून आम्ही शिकलों तें थोडकें आहे. दुसऱ्याचें पात्र आपण हलवूं नये. आपलें बोलणें संपवितांना त्याला धरतां येईल असा एखादा धागा बाहेर ठेवावा. त्यानें दिलेला धागा आपल्या बेतांत बसत नसला तरी तोडूं नये, बेतच बदलावा. गोष्ट अडली तर एखादा गंड आणावा, परंतु उठल्याबसल्या नव्हे. आणि जोडीदार गप्प झाला तर तो कंटाळला असें ठरविण्यापूर्वीं, त्याला बोलावयास जागा ठेवली होती काय, हें पाहावें.

आमच्या चिरंजीवांचा दर रविवारीं पुण्याहून फोन येतो. जेवलास का, काम कसें आहे, प्रकृतीला जप, बरं ठेवतों. दोन मिनिटें. मुलगा अबोल निघाला असें आम्ही कित्येक वर्षें समजत होतों. गेल्या रविवारीं तो म्हणाला, “बाबा, हल्लीं ऑफिसांत जरा…” आणि थांबला. एरवीं येथें आम्ही उपदेश सुरू करतों. तोही त्याचीच वाट पाहत असावा. आम्ही कांहीं बोललों नाहीं. बराच वेळ दोन्हीकडे शांतता होती. मग तो बोलूं लागला.

फोन ठेवला तेव्हां अर्धा तास होऊन गेला होता. मंडळी तांदूळ निवडतां निवडतां थांबल्या होत्या. त्यांनीं विचारलें, “एवढा वेळ? कोणाचा फोन होता?”