भारताचा टी-रेक्स कोण?

शनिशिंगणापूरला येणारा माणूस दोन गोष्टी बघतो: उघड्या चौथऱ्यावरची काळी शिळा आणि दारं नसलेली घरं. मला या भागातली तिसरीच गोष्ट भुरळ घालते, ती म्हणजे पायाखालचा खडक. नेवासे तालुक्यातली विहीर खणताना लागतो तो काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. त्याच सुमाराला या भूमीवर मांसाहारी डायनासोर हिंडत होते. लाव्ह्यात त्यांची हाडं मिळत नाहीत. ती मिळतात त्याच्या खालच्या थरांत, आणि ते थर उघडे पडतात दख्खनच्या कडेला: जबलपूर, गुजरातमधलं बालासिनोर, आपल्याकडे चंद्रपूर. चंद्रपूरच्या पिसदुऱ्याला मुख्यतः शाकाहारी अजस्र प्राण्यांचे अवशेष निघाले. शिकाऱ्यांसाठी बाहेर जावं लागतं.

यूट्यूबवर 'भारताचा टी-रेक्स' असं शोधलं की राजासॉरस समोर येतो. मोठं डोकं, आखूड हात, धारदार दात. दिसायला पटतं. पण आमच्याकडच्या मेंढपाळाला तरस दाखवा. तो सांगेल, कुत्र्यासारखं दिसतं खरं, पण कुत्रं नाही. प्राणिशास्त्रही तेच सांगतं: तरस कुत्र्यापेक्षा मुंगसाच्या आणि मांजराच्या जास्त जवळचं. एकच काम करणारे प्राणी सारखे दिसायला लागतात, म्हणून ते भाऊबंद ठरत नाहीत.

डायनासोरच्या बाबतीत हा घोळ अनेक वर्षं चालला. जबलपूरच्या बारा सिमला टेकडीत मिळालेल्या कवटीच्या तुकड्यांवरून 1933 साली ह्यून आणि मॅटली यांनी इंडोसुकस आणि इंडोसॉरस ही नावं दिली. तुकडेच ते. 1978 साली शंकर चॅटर्जी यांनी इंडोसुकसला टायरानोसॉरच्या कुळात बसवलं. हातात तेवढंच असताना तुलना करणार तरी कशाशी?

मग 1985 मध्ये अर्जेंटिनातून ॲबेलिसॉरस आणि कार्नोटॉरस यांची वर्णनं छापून आली. कार्नोटॉरसचा तर जवळजवळ अख्खा सांगाडा होता. कवटी आखूड आणि उंच, तोंडावरची हाडं खडबडीत, हात नावापुरते. जबलपूरचे तुकडे या घराण्यात चपखल बसले. दूरच्या अमेरिकेतल्या टायरानोसॉरशी नातं जोडायची गरजच उरली नाही. भारत, मादागास्कर आणि दक्षिण अमेरिका एकेकाळी एकाच भूखंडाचे भाग होते, त्यामुळे ही सोयरीक नकाशावरही जुळते.

इथे वर्गीकरणाची खरी रीत कळते. 'दोन पायांवर चालतो, मांस खातो' या खुणा सगळ्याच थेरोपॉड डायनासोरांच्या. त्यांनी आतली घराणी वेगळी होत नाहीत. हवी ती खूण पुढे कधीतरी नव्याने आलेली आणि फक्त त्या शाखेत वारशाने उतरलेली. टायरानोसॉरसच्या हाताला दोन बोटं आणि पुढचे दात आडव्या छेदात इंग्रजी 'डी' अक्षरासारखे. ॲबेलिसॉरिडांच्या हाताला चार बोटं, आणि हात आणखी तोकडे.

घराणं ठरल्यावर भावंडं ओळखायची. कार्नोटॉरसच्या डोळ्यांवर दोन शिंगं, मादागास्करच्या माजुंगासॉरसच्या कपाळावर एक घुमट, राजासॉरसच्या कपाळावर एक बुटका उंचवटा. माजुंगासॉरसच्या घुमटाने तर तज्ज्ञांनाही चकवलं होतं. तो तुकडा 1979 साली जाड कवटीच्या शाकाहारी डायनासोरचा समजला गेला आणि 1998 मध्ये पूर्ण कवटी मिळाल्यावर समज दुरुस्त झाला. राजासॉरसचं नामकरण 2003 सालचं, गुजरातमधल्या रैयोलीच्या हाडांवरून.

नाव म्हणजे दावा, आणि दावा तपासायला मूळ हाड हाताशी लागतं. लॅमेटासॉरसचं उदाहरण बोलकं आहे. मॅटलींनी 1920च्या दशकात त्याला चिलखती डायनासोर म्हणून मांडलं. पुढे लक्षात आलं की शिकारी डायनासोरची कंबर आणि भलत्याच प्राण्याची चिलखती हाडं एकत्र मांडली गेली होती. आता मूळ हाडंच मिळत नाहीत, त्यामुळे कोणतं कोणाचं हे पुन्हा पाहता येत नाही. याउलट, स्लीमन यांना 1828 मध्ये जबलपूरला मिळालेला टायटनोसॉरसच्या शेपटीचा मणका बराच काळ हरवलेला मानला जात होता. तो 2012 साली कोलकात्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात सापडला. त्यामुळे भारतातल्या पहिल्या डायनासोरचा अभ्यास पुन्हा मूळ वस्तूवर करता येऊ लागला.

म्हणून मला वाटतं, रैयोलीचं डायनासोर संग्रहालय जेवढं महत्त्वाचं, तेवढीच कपाटात नोंद लावून ठेवलेली फुटकी हाडं महत्त्वाची. पुढच्या वेळी कुणी 'भारताचा टी-रेक्स' असा व्हिडिओ पाठवला, तर एकच प्रश्न विचारा: कोणत्या हाडावरून?